कोण येणार, ते ताट ठरवतं

कर्वेनगरात आमच्या घरामागे चार पावलांचं अंगण आहे. तिथे पाखरांसाठी दाणापाणी ठेवायचं खूळ सासूबाईंचं; त्यांच्यामागे ते माझ्याकडे आलं. आता ओळखीपाळखीतून फोन येतात आणि त्यांत प्रश्न दोनच असतात. चिमण्या याव्यात म्हणून काय करू? आणि कबुतरं जावीत म्हणून काय करू? दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. कुठला पक्षी येणार, हे तुम्ही काय वाढता, किती वाढता आणि कुठे वाढता यावर ठरतं. नकोसा पाहुणा आगंतुक नसतो. त्याला निमंत्रण आपल्याच हातून गेलेलं असतं. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे एकदाच सलग लिहून टाकते.

१. आधी ताटाखाली बघा.

पक्षी दिसण्याआधी त्यांचं उष्टं दिसतं. चिमणी आणि मुनिया दाणा सोलून खातात. ठिपकेवाली मुनिया राळ्याचा दाणा खाताना जवळून बघण्यासारखी असते. दाणा चोचीत घ्यायचा, जिभेने चोचीच्या कडेला सरकवायचा, दाबून फिरवायचा. आतला गर पोटात जातो आणि फोलपट चोचीच्या कोपऱ्यातून अलगद खाली पडतं. एकीकडे फोलपट गळतंय, दुसरीकडे पुढचा दाणा उचललेलाच. पारव्याला, म्हणजे आपल्या कबुतराला, ही नजाकत नाही. तो दाणा अख्खा गिळतो. दळण्याचं काम त्याच्या पोटातली पेषणी खड्यांच्या मदतीने करते.

तेव्हा ताटाखाली फोलपटांचा सडा असेल तर बारीक चोचीची मंडळी जेवून गेली. ताट लख्ख, खाली एक फोलपट नाही आणि कठड्यावर पांढरे-हिरवे डाग असतील, तर तुमचा राळा पारव्यांनी संपवलाय. आणखी एक. फोलपटांनी भरलेलं ताट लांबून भरलेलंच दिसतं. ‘दाणे आहेत, पण पक्षी येत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी आधी ते सुपात घेऊन पाखडून बघावं.

२. पारवा समजून घ्या, मग त्याला हटवा.

बाकीच्या पाखरांना पिल्लं वाढवायची तर किडे-अळ्या शोधाव्या लागतात. म्हणून त्यांची वीण हंगामाला बांधलेली असते. पारव्याला ही अडचण नाही. नर आणि मादी, दोघांच्याही अन्नपिशवीच्या आतल्या थरातून दुधासारखा दाट, स्निग्ध पदार्थ तयार होतो आणि पहिला आठवडाभर पिल्लं त्यावर पोसली जातात. त्यानंतर आईबापांच्या पिशवीत भिजलेले दाणे. म्हणजे दाणा मिळाला की बाळंतपणाची सोय झाली. वर्षातला कुठलाही महिना चालतो, एका वेळी दोन अंडी, आणि आधीची पिल्लं घरट्यात असतानाच पुढची अंडी घालायची तयारी. घराचाही प्रश्न नाही. हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. आपल्या किल्ल्यांच्या कड्यांवर आजही त्याचे थवे दिसतात. त्याच्या दृष्टीने अकरा मजली इमारत हा एक सोयीचा कडा आणि एसीच्या डब्यामागची फट ही आयती कपार. शिवाय शहरात त्याला मारून खाणारे फारसे नाहीत. राहिला प्रश्न अन्नाचा, तो आपण पुण्य म्हणून सोडवतो.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, लोकांनी ती फाडली, उच्च न्यायालयात वाद रंगला. दाणे टाकणाऱ्यांच्या मनातल्या भूतदयेबद्दल मला शंका नाही. पण वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते आणि फुप्फुसं आतून कडक होत जातात, हे डॉक्टर कधीपासून सांगताहेत. आमच्याच गल्लीत एक बाई ऑक्सिजनचं नळकांडं उशाशी ठेवून झोपतात. त्यांच्या खिडकीबाहेर वर्षानुवर्षं पारव्यांचा संसार होता. त्यांच्या आजाराचं कारण तेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न पारव्यांबद्दलच विचारला होता.

उपाय सांगायचा तर क्रमाने जावं लागतं. सगळ्यात आधी मोठा दाणा पूर्ण बंद. नुसता तुमच्या घरी नव्हे, वरच्या मजल्यावरच्या काकांनाही हात जोडून सांगायचं, कारण पारवा गच्चीवर जेवतो आणि बसायला तुमच्याकडे येतो. दुसरं, बसायची जागा मोडायची. सपाट कठड्यावर चांगल्या उताराची फळी किंवा पत्रा ठोकला की त्याचा पाय ठरत नाही. खिळेपट्ट्यांपेक्षा हे बरं. खिळ्यांमध्ये काड्या अडकवून घरटं बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत. तिसरं, घरट्याच्या चार काड्या दिसल्या की अंडी पडायच्या आतच त्या उचलायच्या. एकदा अंडी पडली की मग पिल्लं उडेपर्यंत थांबण्याएवढी माणुसकी मी पाळते. नंतर ती जागा घासून धुऊन बंद. जाळी बसवायचीच असेल तर ताणून, कुठेही फट न ठेवता. ढिल्या जाळीत पारवा अडकून लटकतो आणि ते बघवत नाही. विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. पाणी मारून भिजवा, तोंडाला फडकं किंवा मास्क बांधा आणि पुसून घ्या.

लोक विचारतात, टेप-रेकॉर्डवर घारीचा आवाज लावू का? चकाकणाऱ्या सीडी टांगू का? प्लास्टिकचं घुबड? लावा, हौस फिटेल. आठवड्याने पारवा त्या घुबडाच्याच डोक्यावर बसलेला दिसेल.

३. दाणा बारीक, दार अरुंद.

ज्वारी, गहू, मका, हरभरा हे पारव्यांचं जेवण. राळा, बाजरी, नाचणी, तांदळाच्या कण्या हे चिमण्या-मुनियांचं. पारवा बाजरीही सोडत नाही, म्हणून नुसतं धान्य बदलून भागत नाही. त्याला ताटापर्यंत पोचूच द्यायचं नाही. आमच्याकडे दाण्याच्या नळीभोवती दीड इंची चौकोनांच्या तारेच्या जाळीचा पिंजरा आहे. वेल्डरकडून वळवून घेतला. चिमणी आणि मुनिया सरळ आत जातात. साळुंकी मान घालून बघते आणि शिव्या देत निघून जाते. पारवा नुसता भोवती घिरट्या घालतो. पिंजऱ्याची भिंत नळीपासून वीतभर लांब हवी, नाहीतर लांब मानेचे लोक बाहेरूनच हात मारतात. आणि खाली थाळी हवी. सांडलेला दाणा म्हणजे मागच्या दाराने दिलेलं निमंत्रण.

मापही महत्त्वाचं. सकाळी मूठभर, दुपारपर्यंत संपेल इतकंच. रात्री दाणा उरला तर उंदीर-घुशी येतात, आणि त्यांना घालवण्यापेक्षा पारवे घालवणं सोपं.

४. चिमणीच्या पिल्लाला बाजरी चालत नाही.

२० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. २०१० पासून तो पाळला जातो आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे. त्या दिवशी सोसायट्यांमधून लाकडी घरटी वाटली जातात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण त्याच सोसायट्यांत दर महिन्याला बागेवर औषध फवारणारा माणूस येतो. चिमणी मोठेपणी दाणे खाते म्हणून आपण तिला शाकाहारी समजतो. तिचं पिल्लू मात्र पहिले काही दिवस जवळजवळ निव्वळ अळ्या, मावा, लहानसहान किडे आणि कोळी यांवर वाढतं. फवारलेल्या बागेत घरटं टांगणं म्हणजे स्वयंपाकघर नसलेला फ्लॅट देणं.

आमच्याकडे जास्वंदीवर मावा पडला की मी आठ दिवस काही करत नाही. बहुतेक वेळा तेवढ्यात चिमण्या, वटवट्या, शिंपी हे फांदीन् फांदी पुसून काढतात. नाहीच आटोक्यात आला तर पाण्याचा जोरदार फवारा. कुंडीतल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. शिंप्याच्या नजरेतून त्या सगळ्याच काही सुटत नाहीत. एवढासा पक्षी, अळी त्याच्या डोक्यापेक्षा लांब. तो तिला फांदीवर या बाजूने आपटतो, त्या बाजूने आपटतो, मऊ करतो आणि शेपटी ताठ करून घरट्याकडे पळतो. लिंबाची चार पानं गेली तर जाऊ देत.

घरटं टांगणाऱ्यांसाठी एक माप: भोक सव्वा इंचाचं ठेवा. त्याहून मोठं केलंत तर साळुंकी घर बळकावेल.

५. गाणारे पक्षी दाण्याला येतच नाहीत.

हे सांगितलं की लोक हिरमुसतात. पहाटे ज्याच्या शिळेने जाग येते तो दयाळ, पंख्यासारखी शेपूट उलगडत गिरक्या घेणारा नाचण, इवलासा शिंपी, लखलखता शिंजीर, यांपैकी एकालाही तुमच्या बाजरीशी देणंघेणं नाही. दयाळ आणि नाचण किडे खाणारे. शिंजीर मधावर जगतो, पण पिल्लांना कोळी आणि किडेच भरवतो.

मग यांच्यासाठी काय ठेवायचं? दयाळासाठी पाचोळा ठेवा. आंब्याच्या, चाफ्याच्या झाडाखालची पानं झाडून जाळायची आपल्याला फार घाई असते. मी ती कोपऱ्यात पसरून ठेवते. सकाळी दयाळ येतो, पान उलटतो, थांबतो, कान देतो, आणि पुढच्या क्षणी चोचीत काहीतरी वळवळत असतं. शिंजिरासाठी जास्वंद लावा. जास्वंदीचं फूल त्याच्या मापाचं नाही. तो समोरून आत शिरतच नाही. देठाशी बसतो, फुलाच्या बुडाला टोकदार चोचीने बारीक चीर पाडतो आणि मध ओढून घेतो. फुलाचं परागीभवन वगैरे काही करत नाही, निव्वळ चोरी. मला त्याचा हा उद्धटपणा आवडतो. आणि दिवाळीच्या सफाईत खिडकीबाहेरची सगळी कोळिष्टकं काढू नका. शिंजिराचं लोंबतं घरटं त्याच धाग्यांनी विणलेलं असतं.

लाल रंगाचं साखरपाणी बाटलीत भरून टांगायची नवी फॅशन आली आहे. ती अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांसाठीची वस्तू. आपल्या उन्हात ते पाणी दिवसभरात आंबतं, मुंग्या येतात, बाटली कोणी रोज घासत नाही. नर्सरीत मिळणारं जास्वंदीचं रोप त्याहून स्वस्त पडतं आणि मध रोज ताजा मिळतो.

६. बुलबुल आणि फळं.

कढीपत्त्याची काळी फळं पिकली की बुलबुलांना निरोप द्यावा लागत नाही. कोकीळही येते. परिसरात जागोजागी उगवलेले कढीपत्ते बहुतांशी यांनीच पेरलेले. पिकलेल्या पपईची फोड, चिकू, पेरू हेही चालतं. काप झाडाच्या फांदीला खोचा आणि संध्याकाळी उचला, नाहीतर चिलटं होतात.

७. ओलं अन्न म्हणजे कावळा आणि साळुंकी.

भात, पोळीचे तुकडे, फरसाणाचा चुरा, दुधात भिजवलेला पाव. घरातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आपण ते पाखरांना घालतो आणि त्याला दान म्हणतो. मिठाचं, तळलेलं, मसाल्याचं लहान पक्ष्यांना बाधतं. दूध पक्ष्यांना पचत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे तर विषच. आणि या पंगतीला येणार कोण? कावळे आणि साळुंक्या. कावळा एकदा रोज यायला लागला की त्याला आजूबाजूची घरटीही दिसतात. बुलबुलाची अंडी, शिंप्याची पिल्लं त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

कावळ्यावर माझा राग नाही. कोकिळेची पिल्लं न कुरकुरता वाढवणारा पक्षी आहे तो, आणि त्याच्याइतका हुशार पाहुणा अंगणात दुसरा नाही. आपण पितृपक्षात त्याला पान वाढून ‘का का’ करत बोलावतो आणि उरलेलं वर्ष हाकलतो, हेही त्याला कळत असावं. पानावर जे वाढायचं ते त्या पंधरवड्यात वाढा. रोजच्या शिळ्यापाक्यासाठी ओल्या कचऱ्याची बादली आहे.

८. नकोसा कोण, हे गाव ठरवतं.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या परसात पक्ष्यांच्या खाण्याचा मोठा सरंजाम आहे, आणि तिचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? चिमणी! आपली घरचिमणी. १८५० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ती मुद्दाम नेऊन सोडली आणि पुढे ती खंडभर पसरली. तिकडच्या निळ्या पक्ष्यांसाठी लोकांनी टांगलेली घरटी ती बळकावते, आतल्या पिल्लांना मारते. दुसरा शत्रू स्टार्लिंग, साळुंकीचा युरोपातला भाऊबंद. १८९० मध्ये सेंट्रल पार्कात साठेक सोडले, आज करोडो आहेत. बहीण सांगते, स्टार्लिंगला टणक बी फोडता येत नाही, म्हणून ती ताटात करडई घालते; लाल कार्डिनल ती आवडीने खातो. चरबीची वडी ती उलटी टांगते, खालून लटकून खाता येईल अशी. सुतारपक्ष्याला लटकणं जमतं, स्टार्लिंगला जड जातं.

सोलापुरी करडईचा हा उपयोग ऐकून मला गंमत वाटली. पण आपल्याकडे तो चालणार नाही, कारण आपल्याकडचे पोपट करडईच्या उभ्या पिकात जेवायला बसतात. युक्ती तीच, पाहुणे वेगळे. आणि आपणही फार नाक वर करू नये: जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवजातींची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात पक्षी तीनच. एक तो स्टार्लिंग. उरलेले दोन आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल. ऑस्ट्रेलियात साळुंकी पिंजरे लावून पकडतात. इथे ती आपली आहे, तिच्या जागी आहे. तिला ताटापासून चार हात लांब ठेवा, पण तिच्यावर दगड उचलू नका.

९. खारीसाठी तिखट.

तिखटाची झोंबणारी चव पक्ष्यांना लागत नाही, खारीला आणि आपल्याला लागते. म्हणून पोपट मिरच्या चवीने खातो. दाण्यात तिखट कालवलं तर खार मागे हटते, हे खरं. वाऱ्याने ते तिखट आपल्याच डोळ्यांत येतं, हेही खरं. मी खारीला शेंगा वेगळ्या ठेवते.

१०. पाणी सगळ्यांचं, म्हणून जपून.

मार्च ते मे या काळात दाण्यापेक्षा पाण्याला जास्त पक्षी येतात. जे दाण्याला कधीच येत नाहीत तेही: दयाळ, नाचण, शिंजीर, एखादा तांबट. मातीची पसरट थाळी, दोन बोटं पाणी, मधे एक खडबडीत दगड. खोल भांड्यात लहान पक्षी बुडतात. थाळी सावलीत, पण झुडपापासून दोन-तीन हात लांब ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. पाणी रोज ओतून टाका आणि थाळी काथ्याने घासा. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि घाणेरड्या थाळीतून पक्ष्यांचे रोग पसरतात. इंग्लंडमध्ये २००५ नंतर हिरव्या फिंच पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली आली, ती परसातल्या ताटांवर पसरलेल्या घशाच्या रोगामुळे. प्रेमाने मांडलेल्या पंगतीतच ते मेले. अंगणात पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी दिसला, तर सगळं धुऊन पंधरा दिवस ताट बंद ठेवा.

११. पावसाळ्यात खानावळ बंद.

जून ते ऑक्टोबर मी दाणा ठेवत नाही. बाहेर किड्यांची आणि गवताच्या बियांची रेलचेल असते, आणि ओल्या दाण्याला बुरशी धरते. शेजारणी विचारतात, मग चिमण्या येईनाशा झाल्या तर? येतात. दिवाळीत नळी भरली की दोन दिवसांत चिमण्या हजर. मधल्या काळात पारव्यांनी मात्र नाद सोडलेला असतो, आणि त्या एका कारणासाठीसुद्धा ही सुट्टी करण्यासारखी आहे.

यंदा गच्चीवर ज्वारीचं पोतं आणायचा विचार असेल तर आणू नका. त्याच पैशांत एक कढीपत्ता, एक जास्वंद आणि एक मातीची थाळी आणा, आणि फवारणीवाल्याला तुमच्या कुंड्या वगळायला सांगा.